फळाची नोंदवही

भोपाळलगतच्या बैरागडास दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती. काल ज्याच्यावर गोळी झाडणे हे कर्तव्य, त्यालाच आज शिधा मोजून देणे हेही कर्तव्य, हा युद्धाचा विलक्षण कायदा भोपाळकरांनी असा दारात पाहिला. आम्हां मराठी मंडळींना या कायद्याचे अधिक जवळचे उदाहरण मात्र पहिल्या महायुद्धात सापडते.

मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर हा तरुण इंग्रजांच्या हवाई दलातर्फे फ्रान्सच्या आकाशात लढत असता २७ जून १९१८ रोजी पाडला गेला आणि तीन दिवसांनी जर्मनांच्या कैदेत जखमांनी वारला. त्याला पाडण्याचे श्रेय बहुधा जर्मन वैमानिक फ्रिट्झ रुमाय याच्याकडे जाते. पायदळातून वर आलेल्या या शिपायाच्या नावे अखेर पंचेचाळीस विजय जमा झाले, आणि वेलिणकरच्या मृत्यूनंतर दहाच दिवसांनी ‘पूर ल मेरित’ हा निळ्या मिन्याचा क्रूस त्याच्या गळ्यात पडला. सप्टेंबरात त्याने निकामी विमानातून उडी घेतली, ती हवाई छत्री न उघडल्याने प्राणघातक ठरली.

या पदकाची गोम अशी की वैमानिकांना ते संख्येवर मिळे: १९१६च्या आरंभी आठ विमाने पुरत, पुढे भाव चढत सोळा आणि वीसच्याही वर गेला. साक्षीदार, तपास, शिफारस, मंजुरी. कोणत्याही कचेरीस शोभेल असा हा जमाखर्च. हा जमाखर्च ज्या कसोटीवर तपासावा, ते लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ याच युद्धाच्या काळात, १९१५ साली प्रसिद्ध झाले. कर्माची शुद्धाशुद्धता कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी, केवळ बाह्य परिणामावरून नव्हे, असे त्यात प्रतिपादन आहे. ते प्रमाण मानले तर या वहीत फळ तेवढे चढते, बुद्धीसाठी रकानाच नाही. रुमायने स्वधर्म म्हणून मारले असे कोणी म्हणेल, आणि मी ते अमान्य करणार नाही. परंतु पदकास एकच विजय कमी असताना जो पुढचे विमान हेरतो, त्याच्या दृष्टीसमोर शत्रू असतो की आकडा, हे त्याचे त्यालाही सांगता येईल काय?

हा आक्षेप जर्मनांवरच ठेवणे दांभिकपणाचे होईल. इंग्रजांच्याच हवाई दलातील आपले वैमानिक इंद्रलाल राय यांचे दहा विजय आपणही कौतुकाने मोजतो. त्यांचे पदक तर २२ जुलै १९१८ रोजी ते धारातीर्थी पडल्यानंतर जाहीर झाले. ज्या फळाचा भोक्ताच उरला नाही ते कर्त्याच्या बुद्धीस डाग लावू शकत नाही, हे उघड आहे. ते मोजून देणाऱ्या राज्याच्या बुद्धीची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, हा प्रश्न मात्र आपल्या गीताचर्चेत क्वचितच निघतो.