सांडपाण्याला जागा लागते

शहराच्या मैलापाण्याचे काय करायचे, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकातल्या युरोपचे उत्तर बराच काळ एकच होते: दूर नेऊन सोडा. 1858च्या उन्हाळ्यात टेम्स नदीचा वास इतका अनावर झाला की लंडनच्या संसदभवनातले पडदे ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात भिजवून लावावे लागले. मग इंजिनिअर जोसेफ बॅझलगेटने शहराखालून प्रचंड गटारे काढली. घाण संसदेच्या खिडकीखालून हलली आणि काही मैल खाली, बार्किंग व क्रॉसनेस इथे नदीत पडू लागली. वास गेला, घाण मात्र नुसती हलली होती. आपल्याकडचे पुष्कळ ‘नदी सुधार’ आजही याच अर्थाने यशस्वी असतात.

पण त्याच सुमारास काही लोक शेताकडे पाहत होते. शेणखत, मूत, कुजका पाला, सगळे माती रिचवते आणि तिच्याखालून झिरपलेले विहिरीचे पाणी माणूस पितो. मग शहराचा मैला ती का रिचवणार नाही? एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाने 1870च्या आसपास याची प्रयोगशाळेत तपासणी केली. त्याने नळकांड्यांत माती भरली आणि वरून मैलापाणी सोडले. सतत धार धरली तर माती लवकरच तुंबते, पाणी घाण ते घाणच राहते. थोडे पाणी, मग विश्रांती, पुन्हा थोडे पाणी, असे केले तर खालून स्वच्छ पाणी येते. विश्रांतीत मातीत हवा शिरते आणि ती घाणीचे ज्वलन करते, असे त्याचे स्पष्टीकरण होते. निरीक्षण अचूक होते, स्पष्टीकरण अर्धेच. माती त्याच्या लेखी एक गाळणी होती.

ती गाळणी जिवंत आहे, हे 1877मध्ये पॅरिसमध्ये कळले. थिओफिल श्लोझिंग आणि आशिल म्युन्त्झ यांनी एका लांब काचेच्या नळीत वाळू आणि चुनखडीची भुकटी भरून वरून सावकाश मैलापाणी सोडले. सुरुवातीला काहीच घडले नाही. अमोनिया जसा वरून गेला तसा खालून बाहेर पडला. सुमारे वीस दिवसांनी अचानक नायट्रेट दिसू लागले, अमोनिया नाहीसा झाला. नुसते रासायनिक ज्वलन असते तर वीस दिवस थांबायचे कारण काय? मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि क्रिया बंद पडली. वाफ काढून घेतल्यावरही ती सुरू होईना. बागेतल्या मातीचे थोडे पाणी वरून घातले, तेव्हा काही दिवसांनी नायट्रेट पुन्हा येऊ लागले. भूल देऊन ज्याचे काम थांबते आणि चिमूटभर मातीने परत सुरू होते, ते सजीवच असणार. या सगळ्या इतिहासात मला हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो. खर्च जवळजवळ शून्य आणि निष्कर्ष निर्विवाद.

लंडनचा रसायनतज्ज्ञ विल्यम डिब्डिन याने हे मनावर घेतले. तोवरची रीत अशी की मैल्यात चुना घाला, लोहक्षार घाला, जंतुनाशके ओता. डिब्डिनचे म्हणणे होते की हे जंतू मारणे म्हणजे आपलेच मजूर मारणे आहे. त्यांना मारू नका, कामाला लावा. 1890च्या दशकात त्याने बार्किंगला एक एकरभर कोळशाच्या कोकचा थर पसरला. पाणी भरायचे, थांबायचे, काढून टाकायचे, थराला विश्रांती द्यायची. म्हणजे फ्रँकलंडचीच लय, पण आता ती कुणासाठी पाळायची हे माहीत असलेली.

यानंतरचा टप्पा मँचेस्टरचा. तिथला रसायनतज्ज्ञ गिल्बर्ट फाउलर 1912मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स प्रयोगकेंद्रावर गेला होता. तिथे बाटलीतल्या मैलापाण्यात हवा फुंकून ते शुद्ध करण्याचे प्रयोग चालले होते. परत आल्यावर त्याच्या सूचनेवरून एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी तेच करून पाहिले. पहिल्या खेपेला पाणी पूर्ण शुद्ध व्हायला आठवडे लागले. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचे निवळ पाणी ओतून टाकले, तळाचा गाळ बाटलीतच ठेवला आणि त्यावर नवे मैलापाणी घातले. दर खेपेला गाळ वाढत गेला आणि वेळ कमी होत गेला. शेवटी काम काही तासांवर आले. हे संशोधन त्यांनी एप्रिल 1914मध्ये जाहीर केले. जगभरातली बहुतेक मोठी मैलाशुद्धीकरण केंद्रे, आणि आपल्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये घरघरणारे एसटीपीसुद्धा, या बाटलीचे किंवा तिच्या पुढच्या सुधारणांचे वंशज आहेत. फाउलर पुढे 1916मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आला, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते.

त्या प्रयोगातला एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बाटल्यांना त्यांनी कागद गुंडाळला होता. उजेड आत जाऊ नये, शेवाळ वाढू नये म्हणून. निसर्गातली हजार कामे बाजूला सारून त्यांना एकच काम वेगळे काढायचे होते, आणि ते त्यांनी उत्तम काढले. सूर्य नको, झाड नको, मासा नको. जंतू आणि हवा पुरे. हवा फुंकायला ब्लोअर लागतो आणि ब्लोअरला वीज. तळ्याला जे करायला आठवडे आणि एकरच्या एकर लागतात ते टाकीत तासांत होऊ लागले, पण राहिलेला हिशेब विजेच्या बिलात उतरला.

मला यातली चलाखी खटकत नाही. खटकते ते पुढचे: निसर्गाची युक्ती घेतली आणि ती ज्या अटींवर चालते त्या अटी मागे ठेवल्या, असे या विचाराच्या प्रवासात पुन्हा पुन्हा घडले.

बर्लिनचेच पाहा. इंजिनिअर जेम्स होब्रेख्तच्या योजनेनुसार 1870च्या दशकापासून शहराचा मैला बाहेरच्या हजारो हेक्टर शेतांवर सोडला जाऊ लागला. भाजी पिकली, गवत आले, शहर आजारांपासून बरेचसे वाचले. ही शेते शंभर वर्षे चालली. पण मधल्या काळात बर्लिन कारखान्यांचे शहर झाले होते. त्याच गटारांतून कॅडमियम आणि शिसे येऊ लागले. जंतू मैला खातात, कॅडमियम खात नाहीत. 1980च्या दशकात शेते बंद करावी लागली आणि तिथली माती विषारी म्हणून नोंदली गेली. मातीची क्षमता कमी पडली नव्हती. तिला भलतेच काम दिले होते.

जर्मनीतच, प्ल्यॉन गावच्या माक्स प्लांक संस्थेत, 1950च्या दशकात कॅथे झायडेल ही वनस्पतिशास्त्रज्ञ दलदलीत उगवणारे लव्हाळ्यासारखे उंच गवत मैलापाण्यात लावून पाहत होती. पाण्याशेजारची झाडे घाण पाण्यात मरतात हा तेव्हाचा समज. झायडेलची झाडे मरेनात. उलट पाणी सुधारू लागले. इंजिनिअर मंडळींनी तिला फारसे मनावर घेतले नाही. पुढे राइनहोल्ड किकुट याने 1970च्या दशकात ‘मूळक्षेत्र’ पद्धत मांडली: या वनस्पतींच्या देठांतून पोकळ वाटा असतात, त्यांतून हवा मुळांपर्यंत उतरते आणि मुळांभोवतीचे जंतू तिच्यावर जगतात. कल्पना फार सुबक होती, त्यामुळे ती झपाट्याने पसरली. मोजमापे झाली तेव्हा कळले की मुळांतून बाहेर पडणारा प्राणवायू अपेक्षेपेक्षा फारच कमी आहे. चिकणमातीचे वाफेही तुंबू लागले आणि पाणी मुळांना न शिवता वरूनच वाहून जाऊ लागले. मग मातीच्या जागी खडी आली. पाणी खडीतून आडवे किंवा उभे झिरपवायचे, मधूनमधून थांबायचे. थांबणे परत आले! फ्रँकलंडला जे नळकांड्यात दिसले होते ते शंभर वर्षांनी पुन्हा शिकावे लागले. श्रेयाचा मोठा वाटाही झाडाकडून खडीवरच्या बुळबुळीत थराकडे, म्हणजे परत जंतूंकडे गेला.

हे सगळे घडत असताना कोलकात्याच्या पूर्वेला कुणी आराखडा न काढता एक व्यवस्था उभी राहिली होती. विद्याधरी नदी गाळाने भरत गेली, खारे पाणी येणे थांबले आणि खाजणातल्या मच्छीमारांनी शहराचे मैलापाणी तळ्यांत घ्यायला सुरुवात केली. 1980च्या दशकात ध्रुवज्योती घोष हे सरकारी सॅनिटरी इंजिनिअर शहराचे मैलापाणी जाते कुठे, याचा माग काढत तिथवर पोहोचले. त्यांना तिथे सापडले ते शुद्धीकरण केंद्र होते, पण त्याला तसे नाव नव्हते. तिथल्या तळ्यांना ‘भेडी’ म्हणतात. हिवाळ्यात भेडी रिकामी करतात, तळ उन्हात वाळवतात, चुना टाकतात. मग मैलापाणी आत घेतात आणि दोन-तीन आठवडे नुसते थांबतात. पाणी हिरवे व्हायला लागते. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचते, शेवाळ प्राणवायू सोडते, त्या प्राणवायूवर जंतू मैला फोडतात, फोडलेल्या मैल्यावर शेवाळ वाढते. पाण्याचा रंग आणि वास पाहून अनुभवी माणूस ठरवतो की आता मासे सोडायचे. रोहू, कटला, मृगळ ते शेवाळ खातात आणि कोलकात्याच्या बाजारात जातात. बांध खचू नयेत म्हणून काठाने जलपर्णी लावतात. पुण्यात दर उन्हाळ्यात जी काढायला निविदा निघतात तीच जलपर्णी. मँचेस्टरच्या बाटलीवरचा कागद इथे कुणी गुंडाळलाच नव्हता.

ही पाणथळ सुमारे 12,500 हेक्टर आहे. 1992मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तिथे भराव घालायला मनाई केली, 2002मध्ये ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आली. तरीही कडेकडेने भराव पडतच असतो आणि चर्मोद्योगाचे क्रोमियम तिच्या नाल्यांत मिसळण्याची चिंता कायम आहे. बर्लिनचाच धडा. घोष 2018मध्ये वारले. शेवटपर्यंत ते याच गोष्टीविषयी बोलत आणि भांडत राहिले.

महाराष्ट्रात या विचाराला चांगले कारागीर मिळाले आहेत. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने ‘फायटोरिड’ हे तंत्र विकसित केले: खडीचे वाफे, त्यांत कर्दळ, पाणकणीस, वेखंड अशा वनस्पती, पाणी पृष्ठभागाखालून वाहते. मुंबईच्या आयआयटीत एच. एस. शंकर यांनी माती, खडी, गांडुळे आणि झाडे यांचा मेळ घालणारे मृदा-जैव तंत्र मांडले. पुण्याच्या संदीप जोशी यांनी उदयपूरच्या आयड नदीपात्रात काथ्या, दगड आणि वनस्पतींचे आडवे बांध घातले. असा वाफा पाहिला की आधी निराशा होते. पाणी दिसतच नाही. कोरडी खडी, तिच्यात माणूसभर उंच कर्दळ, लाल-पिवळी फुले. हाताने वीतभर खडी उकरली की ओल लागते, दगडांवर तपकिरी बुळबुळीत थर असतो आणि वास येतो तो पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या जवळपासचा. काम करतो तो हा थर.

माझ्या ओळखीच्या एका गृहसंकुलात बेसमेंटचा एसटीपी रात्री बंद ठेवतात. ‘बिल झेपत नाही हो,’ असे सेक्रेटरी सांगतात आणि ते खोटे बोलत नाहीत. हवा थांबली की काही तासांत टाकीतले जंतू गुदमरतात, सकाळी ब्लोअर लावला तरी ते लगेच पूर्वपदावर येत नाहीत. अशा ठिकाणी खडीचा वाफा हजार पटींनी शहाणा. वीज गेली तरी त्याचे फारसे अडत नाही. पण त्या संकुलात वाफ्याला जागा नाही. होती तिथे पार्किंग झाले.

आणि गाडी इथेच अडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते, ते शुद्ध करण्याची उभारलेली क्षमता आहे 31,841 दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्षात शुद्ध होते ते त्याहून बरेच कमी. ही तूट कर्दळीने भरून काढू असे म्हणणाऱ्यांनी हिशेब मांडावा. आपल्या उष्ण हवेतही अशा वाफ्यांना माणशी साधारण एक ते दोन चौरस मीटर लागतात. पन्नास लाखांच्या शहराला कमीत कमी पाचशे हेक्टर, म्हणजे मुंबईची किमान चव्वेचाळीस शिवाजी पार्क. एकाच ठिकाणी ती कुणी देणार नाही, आणि तशी गरजही नाही. महाविद्यालयाचे आवार, नव्या वसाहतीची कडा, नाल्याचा काठ, गावठाणाखालची ओलसर जमीन अशा तुकड्यांत ती मिळू शकते. गर्दीच्या गाभ्यात मँचेस्टरची टाकीच लागेल, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण शहराच्या कडेला अजून जमीन मोकळी आहे तिथेही आपण टाकीच बांधतो, आणि नाल्याकाठच्या पाणथळीवर भराव टाकून तिला ‘विकसित’ म्हणतो, याला मात्र माफी नाही.

‘निसर्गापासून प्रेरणा’ हे शब्द अलीकडे प्रत्येक सादरीकरणात असतात. 1997मध्ये जॅनीन बेन्यूसचे ‘बायोमिमिक्री’ हे पुस्तक आले, तेव्हापासून तर ती एक विद्याशाखाच झाली आहे. चित्रांत हिरवळ असते, कारंजे असते, बाकावर बसलेले आजोबा असतात. त्या चित्राला तीन प्रश्न विचारावेत. कारखान्यांचे पाणी घरगुती मैल्यापासून वेगळे काढले आहे का? पाण्याला थांबायला किती वेळ दिला आहे? आणि जागा कुठे आहे? तिसऱ्याचे उत्तर नकाशावर बोट ठेवून देता आले नाही, तर पहिल्या दोहोंचा उपयोग नाही.

महाराष्ट्रात प्रत्येक शहराची विकास योजना 1966च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली होते, तिचे प्रारूप प्रसिद्ध होते आणि नागरिकांच्या सूचना-हरकतींसाठी मुदत दिली जाते. बहुतेक हरकती आपल्या प्लॉटवरून रस्ता जातो म्हणून येतात. तुमच्या शहराचे प्रारूप पुढच्या वेळी लागेल तेव्हा तो नकाशा उघडा, नाल्यांच्या काठाने बोट फिरवा आणि मैलापाण्यासाठी आरक्षित जमीन कुठे दाखवली आहे ते पाहा. दाखवली नसेल तर हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.