मावणें आणि नांदणें

काचेच्या पेटींत मासे पाळण्याची हौस आतां साध्या बेताच्या घरांतूनही आढळते. पेटी आणली, वाळू पसरली, पाणी भरलें, कीं लगेच प्रश्न उभा राहतो तो असा कीं, हिच्यांत मासे किती ठेवावे? वरवर पाहतां हा प्रश्न केवळ हिशेबाचा आहे, आणि विकणारा त्याचें उत्तर हिशेबानेंच देतो. परंतु आमच्या मतें तो मूळचा नीतीचा प्रश्न आहे. हें मत आम्हीं कोणा शास्त्रकारापासून उसनें घेतलेलें नाहीं. आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीनें तें आम्हांस शिकविलें, हें आरंभींच सांगून टाकणें बरें.

आमची पेटी २ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच होती. वाळू वजा जातां तींत सुमारें ५० लिटर, म्हणजे जुन्या मापानें ११ गॅलन पाणी राही. ‘गॅलनामागें एक इंच मासा’ हा प्रसिद्ध नियम दुकानदारानें आम्हांस सांगितला, आणि इंच-इंच लांबीचे गोल्डफिश मोजून दिले. अकराचे बारा होण्यास कितीसा वेळ! डझन पुरा झाला आणि आम्ही संतुष्ट मनानें घरीं आलों. वर्षभर सर्व ठीक चाललें. मासे दुप्पट लांब झाले, येणारेजाणारे कौतुक करूं लागले. पुढें मे महिन्यांतील एका रात्रीं वीज गेली, हवेचा पंप बंद पडला, आणि सकाळीं पांच मासे पाण्यावर उलटे तरंगतांना दिसले. उरलेले सात पृष्ठभागाशीं तोंड लावून धापा टाकीत होते. आम्हीं विजेस दोष दिला. घरांतील धाकट्या मुलीनें मात्र विचारलें, “मासे थोडे असते तर मेले असते का?” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

उत्तर शोधूं लागलों तेव्हां आमच्या नियमाचें पोकळपण ध्यानांत आलें. माशाची लांबी दुप्पट झाली म्हणजे त्याचें वजन दुप्पट होत नाहीं. तें सुमारें आठपट होतें. म्हणजे आमच्या पेटींत इंचांच्या हिशेबानें माशांची दुप्पट झाली होती, पण प्राणवायूची गरज व मळ यांचा भार त्याच्या कितीतरी पटींनीं वाढला होता. शिवाय पाणी जसें तापतें तसा त्यांतील प्राणवायू कमी होतो. २० अंश उष्णतेच्या गोड्या पाण्याच्या एका लिटरांत तो सुमारें ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांवर साडेसातच. मुख्य गोष्ट ही कीं, पाणी निर्मळ दिसतें म्हणून तें निर्मळ असतें असें नाहीं. मासे आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. वाळूंत व गाळणींत वसणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग त्याहून पुष्कळ सौम्य असें नायट्रेट करतात. या जंतूंची वसाहत जमण्यास कित्येक आठवडे लागतात; तोंवर, किंवा भार तिच्या शक्तीबाहेर गेल्यास, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यांतच विष सांचत राहतें.

लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें १८५० सालीं आपल्या एका प्रयोगाची हकीकत तेथील केमिकल सोसायटीपुढें मांडली. त्यानें सुमारें १२ गॅलनांच्या काचपात्रांत पाणवनस्पति लावली, सडलेलीं पानें खाण्यासाठीं गोगलगाई सोडल्या आणि मासे ठेवले ते लहानसे दोन गोल्डफिश. जवळजवळ तेवढ्याच मापाच्या पेटींत आम्हीं बारा ठेवले होते!

आमच्या भाषेंत दोन सुंदर शब्द आहेत : मावणें आणि नांदणें. बारा मासे पेटींत मावत होते, यांत शंका नाहीं. परंतु ते नांदत होते काय? मावणें हें मापाचें काम आहे. नांदण्यास आणखी पुष्कळ गोष्टी लागतात. नदीचें पाणी बिघडलें तर मासा दुसरीकडे जातो. पेटींतल्या माशाची ती वाट आपण बंद केलेली असते. ज्यानें वाट बंद केली त्यानें नदीचें काम पत्करलें, असाच याचा अर्थ. आणि नदी कधीं प्रवासास जात नाहीं, आळस करीत नाहीं, तिची वीज जात नाहीं. म्हणून माशांची संख्या आपल्या उत्साहाच्या पहिल्या दिवसावरून ठरवूं नये. जी सर्वांत वाईट रात्र येऊं शकते तिच्यावरून ठरवावी.

यावर कोणी म्हणेल, “ज्या घरांत सकाळीं सुरमईच्या तुकड्या पडतात, त्या घरांत संध्याकाळीं गोल्डफिशच्या श्वासाची काळजी करणें हें ढोंग नव्हे काय?” आक्षेप जोरकस आहे, आणि मासे खाणें योग्य कीं अयोग्य या वादाचा निकाल आम्ही येथें लावूं शकत नाहीं. परंतु बाजारांतून मासळी आणणारा तिचा पालक म्हणवीत नाहीं. पेटींतल्या माशांना मात्र आपण ‘आमचे’ म्हणतों. या एका शब्दानें जें ऋण अंगावर येतें, तें ताटांतल्या मासळीकडे बोट दाखवून फिटत नाहीं.

तर मग एकच मासा ठेवावा म्हणजे पुण्य, असें समजावें काय? तेंही खरें नव्हे. निऑन टेट्रासारखे मासे थव्यानें राहणारे. एकटा ठेवला तर तो भेदरून कोपऱ्यांत दडतो. त्यास पांचसहा सोबती देणें हीच दया. उलट गोल्डफिश वीतभर वाढूं शकतो. त्यास आमच्यासारख्या पेटींत एकटा ठेवणें हाही अन्यायच. गप्पीची तऱ्हा निराळी. ती महिना-सवा महिन्यानें पिल्लें देते, तेव्हां तिच्या मालकास हा प्रश्न दर महिन्यास नव्यानें सोडवावा लागतो. वाढलेले मासे नदींत सोडून मोकळें होणें हा तर सोडवणुकीचा आभास आहे. त्यायोगें आपला भार आपण नदींतल्या मूळच्या रहिवाश्यांवर टाकतों. सारांश, सर्वत्र लागू पडेल असा आंकडा कोणी देऊं शकणार नाहीं. थोड्यांत वैराग्य आणि पुष्कळांत वैभव पाहणें, दोन्ही आपल्याच मनाचे खेळ आहेत. माशास काय लागतें हें पाहून संख्या ठरविणें एवढेंच न्याय्य.

आमचे उरलेले सात गोल्डफिश एका स्नेह्यांच्या परसांतील मोठ्या हौदांत गेले. आतां पेटींत आठ चिमुकले टेट्रा व बरीचशी पाणवनस्पति आहे. पाहुणे म्हणतात, “अहो, पेटी रिकामी दिसते, आणखी चार सहज मावतील.” मावतील, हें आम्हांसही ठाऊक आहे. परंतु ती रिकामी जागा आमची नव्हे, त्या आठ जणांची आहे. आणि मे महिन्यांत रात्रीं दिवे गेले कीं तिचा उपयोग काय, हें त्यांस कळो न कळो, आम्हांस कळतें.