‘कौल’ : एका संज्ञेची नैतिक बाजू

एखाद्या प्रश्नावर जनतेने प्रतिनिधींकरवी नव्हे, तर थेट मतदानाने दिलेल्या निर्णयास मराठीत ‘सार्वमत’ म्हणतात. ‘प्लेबिसाइट’चा हा पर्याय मूळ शब्दाहून मोठा दावा करतो. लॅटिन ‘प्लेबिस्किटुम’ म्हणजे ‘प्लेब्स’चा, रोममधील सामान्यजनांचा, ठराव. तो उच्चकुलीन पॅट्रिशियनांवरही निरपवादपणे बंधनकारक ठरला तो इ. स. पूर्व २८७ च्या सुमारास, हॉर्टेन्सियसच्या कायद्याने. एका भागाचा निर्णय समग्राचा कसा ठरावा, हा पेच या शब्दात आरंभापासूनच आहे. ‘सार्वमत’ ही संज्ञा तो पेच झाकते. निर्णय बहुमताचा असतो, नाव मात्र सर्वांचे लागते.

या दृष्टीने ‘जनमत कौल’ हा प्रयोग अधिक विचारार्ह आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात असा कौल घेण्यात आला. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि स्वतंत्र संघप्रदेशासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, तर विरोधात १,७२,१९१ मते पडली. कोकण-गोव्यातील देवळांत मूर्तीला पाकळ्या वा पाने लावून कौल मागतात, हे येथे सहज आठवते. त्या विधीत देवाचा शब्द अंतिम मानला जातो. परंतु प्रश्न भक्ताचा असतो. लोकांना कौल मागणारी सत्ता त्यांना देवाच्या आसनावर बसवते आणि त्याच वेळी प्रश्न रचण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवते. गोव्यापुढे १९६७ मध्ये घटकराज्याचा पर्याय ठेवलेलाच नव्हता. तो दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला. म्हणून कौलाचे नैतिक परीक्षण उत्तरापासून नव्हे, तर प्रश्नापासून सुरू व्हावयास हवे.

साम्य येथेच संपते. देव एकमुखाने बोलतो, जनता दुभंगलेली असते. हरलेल्यांनी निर्णय का मानावा, याचे उत्तर देवळातल्या कौलात सापडत नाही. ते शब्दाच्या दुसऱ्या अर्थात आहे. अरबी ‘कौल’ म्हणजे शब्द, वचन. मराठी राज्यव्यवहारात रयतेला दिलेले अभयवचनही कौलच होते. पहिल्या अर्थाने कौल मिळवणारे बहुमत दुसऱ्या अर्थाने अल्पमताला कौल देणे लागते : त्याची भाषा, त्याचे स्थान आणि पुन्हा प्रश्न विचारण्याचा त्याचा हक्क अबाधित राहील, हा. हे वचन नसेल, तर उरते ती केवळ मतांची मोजदाद.