वणीच्या देवीची यात्रा आणि ऋतू

वणीच्या देवीला कधी जावे, याची दोन उत्तरे नाशिक जिल्ह्यात मिळतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. हवामान पाहणारा सांगतो, कार्तिक ते माघ: पाऊस सरलेला, सातमाळ्याची रांग लांबून स्वच्छ दिसते, थंडी असली तरी चालायला ऊन सोसवते. पंचांग पाहणारा सांगतो, आश्विन किंवा चैत्र. चैत्र म्हणजे धुळे-जळगावकडे पारा चाळीस अंशांपलीकडे गेलेला काळ. देवी तर गडावर बारा महिने आहे. मग तिच्या यात्रेला ठरावीक ऋतू का लागतो, आणि सोयीचा सोडून त्रासाचाच का?

सप्तशृंगगड समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच आहे. लोक ‘वणीची देवी’ म्हणत असले तरी वणी दिंडोरी तालुक्यात, तर गड कळवण तालुक्यात. घाट नांदुरीपासून सुरू होतो. कड्याच्या पोटात अठरा हातांची देवी उभी आहे. महाराष्ट्राच्या साडेतीन शक्तिपीठांपैकी हे अर्धे पीठ. चैत्रोत्सव रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत चालतो आणि खानदेशातली गावेच्या गावे पायी निघतात. ही माणसे पहाटे आणि रात्री चालतात, दुपारी वडाखाली किंवा एखाद्या शाळेच्या पडवीत अंग टाकतात. डांबर इतके तापते की अनवाणी चालणारे रस्त्याची कड धरतात. वाटेवरच्या गावांत पाणपोया लागतात आणि पाणी पाजणारा चालणाऱ्यालाच हात जोडतो.

तिथी पाळायची म्हणून हा त्रास, ऋतूशी त्याचा संबंध नाही, असे कोणी म्हणेल. पंचांगाची रचनाच याला उत्तर देते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षापेक्षा जवळजवळ ११ दिवसांनी लहान. केवळ तिथी धरली असती तर चैत्र दरवर्षी मागे सरकत थंडीत, पुढे पावसातही गेला असता. ते होऊ नये म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना घातला जातो. जुन्या गणितींनी एवढा खटाटोप केला, तो सण ऋतूला बांधून ठेवण्यासाठीच. चैत्री यात्रा उन्हात येते, कारण ती तिथेच राहावी अशी व्यवस्था आहे.

ही व्यवस्था का, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर देवीभागवताच्या तिसऱ्या स्कंधात आहे. वसंत आणि शरद हे दोन ऋतू माणसांना रोग देणारे, यमाच्या दाढांसारखे घोर; म्हणून याच काळात नवरात्र करावे, असे तिथे सांगितले आहे. हवा बदलते तेव्हा ताप, खोकला, पोटाचे विकार वाढतात, हे घरोघरी माहीत आहे. पुराण उपासनेसाठी हाच धोक्याचा सांधा निवडते. सुखाच्या महिन्यात देवीची आठवण होतेच असे नाही. भीतीच्या महिन्यात मात्र ती कोणाला सांगावी लागत नाही. या प्रश्नावरच्या सगळ्या विचारांत हा विचार सर्वांत खरा वाटतो, कारण तो माणसाचे दुबळेपण लपवत नाही.

शेतीचे गणितही याला जोडलेले आहे. चैत्रात रब्बी घरात आलेली असते, पेरणी लांब असते, आणि आखाजीला सालदारांचे नवे करार व्हायच्या आधी हात थोडे मोकळे असतात. वणी-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला मात्र ही सवड नाही; एप्रिलमध्ये त्याची खरड छाटणी असते. त्याचे जाणे बहुधा एका दिवसाचे.

तरीही काळाचा हा नियम परंपरेने शेवटचा मानलेला नाही. दक्षिणायन ही देवांची रात्र, म्हणून शरदात देवीला जागवणे हे खरे तर अवेळी जागवणे. बंगालीत त्याला ‘अकालबोधन’ म्हणतात. रावणाशी लढताना रामाने अशीच अवेळी पूजा केल्याची कथा कृत्तिवासाच्या रामायणात आहे. आज सर्वांत मोठे ठरलेले नवरात्र मुळात अवेळीचे आहे. गरज खरी असेल तर वेळ आड येत नाही. ऋतू भक्ताच्या शरीराला आणि मनाला लागतो, देवीला नाही.

म्हणून म्हातारी माणसे पौषात गडावर गेली, तर त्यात काही उणे नाही. सुमारे पाचशे पायऱ्या चढणे जमत नसेल त्यांच्यासाठी २०१८पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. कष्टाशिवाय दर्शन खरे नाही, असे म्हणणाऱ्यांनी गुडघे धरून बसलेल्या आजीकडे एकदा पाहावे.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्री ओलांडून इथे येतात आणि आषाढ-श्रावणात गड धुक्यात बुडतो. धबधब्यांसाठी तेव्हाही गर्दी होते. जुलै २०२२ मध्ये एका संध्याकाळच्या मुसळधार पावसात पायऱ्यांवरून लोंढे वाहिले आणि काही भाविक जखमी झाले. संन्याशांनी चातुर्मासात एका जागी राहावे, ही रीत याच पावसाने घालून दिली आहे. पायाखाली जीव चिरडू नयेत हेही तिचे एक कारण. चैत्राचे ऊन माणूस स्वतः अंगावर घेतो. कोसळणारी दरड तशी घेता येत नाही, आणि मदतीला धावणाऱ्यांचाही जीव ती पणाला लावते. पहिल्याला तप म्हणता येते, दुसऱ्याला नाही.

आश्विन पौर्णिमेला, कोजागिरीला, कावडी गडावर पोचतात. बांबूच्या दोन टोकांना नद्यांच्या पाण्याने भरलेली भांडी, तोंडांवर बांधलेले फडके, आणि पाणी हिंदकळू नये म्हणून साधलेली एका लयीची चाल. खांदा बदलतानाही कावड जमिनीला टेकू देत नाहीत. तापी-नर्मदेचे हे पाणी देवीच्या अभिषेकाला जाते. त्यानंतर गडावर थंडी उतरू लागते आणि हवामान पाहणाऱ्याने सांगितलेले महिने सुरू होतात.