जुन्या यंत्रांचा सौदा

जुने व्हॉल्व्हचे रेडिओ, रेकॉर्डप्लेअर, ॲम्प्लिफायर इत्यादि ध्वनियंत्रें स्वस्तांत हुडकून तीं पुनः बोलतीं करण्याचा छंद आमच्या सुशिक्षित मंडळींत चांगलाच रुजला आहे. मुंबईचा चोरबाजार व दर बुधवारीं आणि रविवारीं भरणारा पुण्याचा जुना बाजार हीं या छांदिष्टांचीं तीर्थक्षेत्रें होत. परंतु तेथील दुकानदार मालाची किंमत पुरती ओळखून असतात. म्हणून कांहीं जण आडवळणाच्या जिल्ह्यांची वाट धरितात. आमच्या धाराशिव जिल्ह्यांत तुळजापूर, नळदुर्ग, परंडा या बाजूंस जुन्या वाड्यांच्या माळ्यांची चौकशी करीत हिंडणारे असे गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या या उद्योगांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, व तो दिसतो तितका क्षुल्लक नाहीं, असें आम्हांस वाटतें.

उद्योग मुळांत स्तुत्य आहे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. तीस-चाळीस वर्षें अडगळींत पडलेला रेडिओ एकदम विजेस जोडणें म्हणजे त्याचा अंत ओढवून घेणें होय. त्यांतील फिल्टर-कंडेन्सर बहुधा निकामी झालेले असतात, कागदी कंडेन्सरांतून वीज झिरपत असते. जाणता मनुष्य आधीं विजेच्या वाटेंत एक साधा बल्ब सिरीजमध्यें जोडतो. यंत्रांत कोठें शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर जळण्यापासून वांचतो. मग एकेक कंडेन्सर बदलावा, बँडस्विच साफ करावा, कांटा सरकविणारी तुटलेली दोरी नवी ओवावी; यांत कित्येक रविवार खर्ची पडतात. हें कोणी न केल्यास तोच रेडिओ भंगारवाल्याकडे जाऊन तांब्याच्या तारेसाठीं फोडला जावयाचा. तेव्हां या श्रमानें जें मोल वाढतें तें श्रम करणाराचें, याविषयीं वाद नाहीं.

वाद आहे तो त्यापूर्वींच्या क्षणाचा. इंग्लंडांत स्विंडन येथें बनलेलें गरार्ड 301 हें टर्नटेबल आज लाखाच्या वर भाव खातें. तें एखाद्या वाड्यांत धूळ खात पडलेलें दिसलें व तीनशें रुपयांत पदरांत पडत असलें, तर घेणारानें गप्प बसावें काय? कायदा त्याच्या बाजूस आहे. 1872 च्या करार कायद्याच्या 17 व्या कलमाचें स्पष्टीकरण असें कीं, बोलण्याचें कर्तव्य नसेल तेथें नुसतें मौन म्हणजे कपट नव्हे. दोन व्यापाऱ्यांपैकीं एकास भाव बदलल्याची खाजगी बातमी असली तरी ती दुसऱ्यास सांगण्यास तो बांधलेला नाहीं. हें उदाहरण आमचे मित्र मोठ्या समाधानानें पुढें करितात. त्यांतील 'व्यापारी' हा शब्द मात्र ते घाईनें वाचतात. चोरबाजारांतील दुकानदारापुढें खुशाल मौन पाळावें. तो त्याचा धंदा आहे, आणि आज ठकला तर उद्यां तो दामदुपटीनें वसूल करील. वाड्यांतील वृद्ध बाई व्यापारी नव्हे. त्याच कलमांत सदोष घोड्याच्या विक्रीचेंहि उदाहरण आहे: घेणारी विकणाराचीच नुकती वयांत आलेली मुलगी असेल, तर नात्यामुळें बोलणें हें कर्तव्य ठरतें.

आमच्याकडे असें नातें रक्ताचेंच असावें लागतें असें नाहीं. परक्या पाहुण्यासहि चहा दिला जातो, आणि भावाची गोष्ट निघतांच घरधनीण म्हणते, "तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच सांगा काय द्यायचं ते." या एका वाक्यानें व्यवहाराचें स्वरूपच पालटतें. तिनें आपला भाव सांगितलेला नाहीं. आपलें अज्ञान तिनें विश्वासानें पाहुण्याच्या स्वाधीन केलें आहे. त्यानंतर "तीनशें" म्हणणें हें मौन नव्हे, तें खोटें उत्तर आहे.

शिवाय वस्तूचें मोल बाजारांतच ठरतें असेंहि नाहीं. रेडिओ बाळगण्यास 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत परवाना लागे. टपालकचेरीच्या शिक्क्यांचें तें पुस्तक कधीं कधीं रेडिओबरोबरच निघतें, व त्यावर घरांतील कर्त्या पुरुषाचें नांव असतें. उमरगा-लोहारा भागांत 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानें दगडमातीचीं घरें कोसळलीं आणि कित्येक गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. तेथील एखाद्या घरीं जुन्या गांवांतून वांचून आलेली पेटी असेल, तर ती मागण्यापूर्वींच शिकाऱ्यानें थोडें थांबावें.

भाव सांगितला कीं माणसें बिथरतात, मर्फीच्या साध्या रेडिओचेहि लाख रुपये मागूं लागतात, असा आक्षेप आहे; आणि तो खोटा नाहीं. पण भाव सांगणें म्हणजे ऐकीव आंकडा फेकणें नव्हे. यंत्र बंद आहे, व्हॉल्व्ह मिळेल न मिळेल, दुरुस्तीस इतके लागतील, चालूं झाल्यास इतके येतील, हा सगळाच हिशेब मांडावा. त्यांतून आपले श्रम व धोका वजा करण्यास कोणी समंजस मनुष्य हरकत घेणार नाहीं. आमचे एक स्नेही हा हिशेब कागदावर लिहून देतात, व वर विचारतात कीं, हें बोलूं लागलें तर घरांत कोणास ऐकावयाचें आहे काय? सौदा मग पुष्कळदां फिसकटतो; पेटी परत आंत जाते, आणि कंडेन्सर बदलण्याचें काम तेवढें त्यांच्याकडे येतें.