उधारीची वही

के. आर. पुरमच्या आमच्या घरात पुस्तकांच्या कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात एक काळी हार्ड डिस्क पडून असते. तिच्यात चारशे जीबी जपानी ॲनिमे आहे. २००६ ते २०२१ या काळात मी ते इंटरनेटवरून उतरवून घेतलं; एकाही भागाचे पैसे दिले नाहीत. गेल्या पावसाळ्यात भाचा शिकायला म्हणून आमच्याकडे राहायला आला. कपाट आवरताना ती डिस्क त्याच्या हाती लागली. त्याने ती लॅपटॉपला जोडली, यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "मामा, हे सगळं तू चोरलंयस?"

"चोरलं नाही रे, डाउनलोड केलं."

"म्हणजे तेच ना?"

मी विषय बदलला. प्रश्न मात्र घरातच मुक्कामाला राहिला.

कायद्याचं उत्तर सोपं आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. हक्क ज्याचा, त्याच्या परवानगीशिवाय अशी प्रत करणं हे त्याचं उल्लंघन. 'चोरी' हा शब्द मात्र आपण एकाची वस्तू दुसऱ्याने उचलली म्हणजे वापरतो. मी फाइल उतरवली तेव्हा टोकियोतल्या कुणाच्याही कपाटातून काही नाहीसं झालं नाही. हा युक्तिवाद जुना आहे, आणि तेवढ्यापुरता खराही आहे. पण कुणाचं काही गेलं नाही, एवढ्याने भागत नाही. ज्याच्याकडे काही यायला हवं होतं, त्याच्याकडे ते आलं का, हा प्रश्न उरतोच.

२००६ मध्ये मी सांगलीहून बेंगळुरूला नोकरीसाठी आलो, तेव्हाची परिस्थिती आधी सांगतो. लहानपणी दूरदर्शनवर हिंदीतून 'जंगल बुक' पाहिलं होतं. ते जपानी आहे हे कितीतरी वर्षांनी कळलं. ॲनिमॅक्स वाहिनी २००४ मध्ये भारतात आली होती, पण आमच्या पेइंग गेस्टच्या केबलवर ती दिसत नसे. अमेरिकेतल्या अधिकृत डीव्हीडी मागवाव्यात, तर त्यांना विभागाचं कुलूप. आपल्याकडच्या प्लेअरवर त्या चालत नसत. मॅजेस्टिकच्या आसपास फुटपाथवर तीस-चाळीस रुपयांना मिळे ती डीव्हीडी चोरटीच. म्हणजे पैसे द्यायचे म्हटले, तरी ते योग्य हातात पोचतील असं दुकान मला सापडत नव्हतं.

उघडं दार एकच होतं, फॅनसबचं. जपानमध्ये एखादा भाग टीव्हीवर लागला, की कुणीतरी तो रेकॉर्ड करी. दुसरा त्याचं इंग्रजी भाषांतर करी, तिसरा प्रत्येक ओळ पडद्यावर कधी यावी आणि कधी जावी याची वेळ लावी, चौथा तपासून घेई. काही दिवसांत तो भाग टॉरेंटवर येई. या कामाचे कुणाला पैसे मिळत नसत. सुरुवातीला बहुधा एक सूचना असे: हे फुकट आहे, विकू नका, तुमच्या देशात अधिकृत प्रत आली की ती घ्या. अमेरिकेत एखाद्या मालिकेचे हक्क विकले गेले, की ती वाटणं थांबवायचं, असा त्या मंडळींतला जुना संकेत. सगळ्यांनी तो पाळला असं नाही. पण व्हिडिओ कॅसेटच्या काळापासून, म्हणजे चाहते कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवून प्रत मागवत तेव्हापासून, हा संकेत चालत आला होता.

आणि पडद्याच्या वरच्या बाजूला टिपा असत. अमुक शब्दावर इथे कोटी आहे, तमुक संबोधनाला इंग्रजीत प्रतिशब्द नाही. कधी कधी टीप एवढी लांब, की चित्र झाकलं जाई. मी भाषांतर शिकलो ते त्या टिपांमधून. आज नोकरीनंतरच्या वेळात मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करतो. कन्नड बायको नवऱ्याला 'री' म्हणते त्याचं 'अहो' सहज होतं. पण अनोळखी माणसाला म्हैसूरकडे 'स्वामी' म्हणतात, ते मराठीत तसंच आणलं तर समोर भगवी वस्त्रं उभी राहतात. अशा ठिकाणी मला ते निनावी फॅनसबवाले आठवतात. जे येत नाही ते येत नाही, असं वाचकाला प्रामाणिकपणे सांगावं, हे त्यांनी शिकवलं.

आपल्याला हा प्रकार अगदी परका नाही. छापखाना येण्यापूर्वी पोथी नकलून घेणं हे आपल्याकडे पुण्यकर्म होतं. नकलता नकलता ज्ञानेश्वरीत चुका आणि परक्या ओव्या शिरल्या, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिचा पाठ शुद्ध केला. ही कथा मी भाच्याला मोठ्या उत्साहाने सांगितली. तो म्हणाला, "पण मामा, पोथी उतरवणाऱ्याचा हात दुखायचा. तू फक्त क्लिक केलंस." यावर मला उत्तर सुचलं नाही. फॅनसबवाल्यांची मेहनत पुढे करून मी माझं क्लिक पवित्र करून घेत होतो.

बरं, दार एकच होतं ही सबब किती दिवस चालणार? आमच्या भागातला माणूस हे मेट्रोवरून समजून घेईल. २५ मार्च २०२३ ला व्हाइटफील्ड ते के. आर. पुरम मेट्रो सुरू झाली. पलीकडे बैयप्पनहळ्ळीपासून शहरात जाणारी मेट्रो आधीच होती. मधला जेमतेम दोन किलोमीटरचा तुकडा तेवढा राहिला होता. तेव्हा आम्ही इथे उतरायचो, बस धरायचो आणि हँगिंग ब्रिज, टिन फॅक्टरी या गर्दीतून ते दोन किलोमीटर रांगत जायचो. उशीर झाला तर ऑफिसात सांगायला कारण तयार असे. ९ ऑक्टोबरला तो तुकडा जोडला गेला, आणि त्या दिवसापासून ते कारण चालेनासं झालं.

ॲनिमेचा तुकडाही असाच हळूहळू जोडला गेला. क्रंचीरोल २००६ मध्ये सुरू झालं ते चाहत्यांनी चढवलेल्या बेकायदा भागांवरच. २००९ मध्ये टीव्ही टोकियोशी करार करून ते अधिकृत वाटेवर आलं आणि २०२१ मध्ये सोनीने विकत घेतलं. माकोतो शिनकाईंचा 'वेदरिंग विथ यू' २०१९ च्या ऑक्टोबरात भारतातल्या चित्रपटगृहांत लागला, तो इथल्या चाहत्यांनी ऑनलाइन अर्जावर हजारोंनी सह्या केल्यानंतर. २०२० मध्ये स्टुडिओ जिबलीचे चित्रपट नेटफ्लिक्सवर आले. आज क्रंचीरोलची वर्गणी महिन्याला शंभर रुपयांच्या आत आहे. दर्शिनीत दोघांचा डोसा आणि कॉफी याहून जास्त होते. आणि तरीही मी २०२१ पर्यंत डाउनलोड करत राहिलो. कारण संपलं होतं, सवय उरली होती.

हे मला कुणी युक्तिवाद करून पटवलं नाही. माझ्यावरच ती वेळ आली. दोन वर्षांपूर्वी माझा एका कन्नड कथासंग्रहाचा अनुवाद प्रसिद्ध झाला. पाचशे प्रती, मागे दीड वर्षाच्या रात्री. एका सकाळी इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर त्या अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ आली. पाठवणाऱ्या काकू गणेशोत्सवातल्या ओळखीच्या. खाली लिहिलं होतं, 'फार सुंदर पुस्तक, सर्वांनी जरूर वाचा, पुढे पाठवा.' जोडलेले हात, फुलं. तासाभरात वीस-बावीस लोकांनी अंगठे दिले. मला आधी बरं वाटलं, मग राग आला, मग बरं वाटल्याचा राग आला. मी एक लांब निरोप टाइप केला: 'काकू, एखाद्याच्या श्रमांची...' तेवढ्यात कपाटाचा खालचा कप्पा आठवला आणि मी तो पुसून टाकला.

पंधरा दिवसांनी गडहिंग्लजहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. पीडीएफ फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचली होती. कोल्हापुरात दोन दुकानांत विचारलं, प्रत मिळाली नाही, म्हणून फोनवरच दोनदा वाचलं, म्हणाले. सीमाभागातले, कन्नड उत्तम. अनुवादातली एक चूक त्यांनी पान क्रमांकासह दाखवली. शेवटी विचारलं, "आता पैसे कुठे पाठवू ते सांगा. वाचून झालंय, ते डोक्यावर ठेवायचं नाही." मी प्रकाशकाचा पत्ता दिला. आठवड्याने एक प्रत मागवल्याचं त्यांनी कळवलं.

फाइल तीच. एकाने ती वाचली आणि मनात नोंद ठेवली. बाकीच्यांनी हात जोडले आणि पुढे ढकलली.

सांगलीला गावभागात आमचा एक वाणी होता. महिनाअखेर वडील माझ्या हातात पिशवी देत, पैसे देत नसत. वाणी माल देई आणि लाल वहीत लिही. आम्ही पैसे न देता साखर आणत होतो, पण आम्हाला कुणी चोर म्हणत नव्हतं, कारण वही होती. उधारी आणि चोरी यांतला फरक बऱ्याचदा मालात किंवा पैशांत नसतो, त्या वहीत असतो. आणि न लिहिलेली, विसरलेली उधारी जसजशी जुनी होते, तसतशी ती चोरीकडे सरकत जाते.

या दृष्टान्तात एक खोट आहे, ती लपवत नाही. वाणी आपल्या संमतीने उधार देतो. जपानमधल्या चित्रकाराने मला असं काही दिलं नव्हतं. मीच माल घेतला आणि वहीही मीच लिहायला निघालो. म्हणून ही वही मला निर्दोष ठरवत नाही. घेणेकरी कोण, एवढंच ती मला विसरू देत नाही.

भाच्याला हे पटलं नाही. तो अधिकृतच पाहतो, चौघांत एक खातं घेऊन. तरी त्याचे दोन आक्षेप होते. पहिला असा: "तू वर्गणी भरलीस म्हणून चित्र काढणाऱ्याला काय मिळतं?" प्रश्न खरा आहे. बहुतेक ॲनिमेमागे वाहिनी, प्रकाशक, संगीत कंपनी, खेळणीवाले यांची एक निर्मिती समिती असते. नफा तिचा, स्टुडिओला पुष्कळदा फक्त ठरलेली रक्कम. मधली चित्रं काढणारे अनेक जण नगावर काम करतात, एका चित्राला दोनशे येनच्या आसपास. पण ठेकेदार मजुराला कमी देतो म्हणून मी घराचे पैसेच देणार नाही, असं म्हणून मजुराचं भलं होत नाही. आणि द्यायचंच असेल, तर लोक वाट काढतात. १८ जुलै २०१९ ला क्योटो ॲनिमेशनच्या स्टुडिओला एका माणसाने आग लावली. ३६ जण मृत्युमुखी पडले. तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी त्या स्टुडिओच्या दुकानातून डिजिटल चित्रं विकत घेतली, कारण त्यात स्टुडिओला काही बांधून पाठवावं लागत नव्हतं. पैसे सरळ पोचत होते.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा. "तू विकत कुठे घेतोस? भाडं देतोस." हेही खरं. फनिमेशन ही अमेरिकी कंपनी डिस्कबरोबर डिजिटल प्रत देत असे. २ एप्रिल २०२४ ला तिची सेवा बंद झाली आणि त्या डिजिटल प्रती क्रंचीरोलवर आल्या नाहीत. पैसे मोजलेल्यांच्या हातूनही माल गेला. माझी काळी डिस्क मात्र शाबूत आहे. म्हणून मी ती पुसलेली नाही. उद्या एखादी मालिका कुठेच मिळेनाशी झाली, तर कुणाच्या तरी कपाटात ती असावी, असं मला वाटतं. पण जपून ठेवणं वेगळं आणि फुकट घेणं वेगळं. पहिल्याच्या आड दुसरं लपवू नये, एवढी शिस्त मी स्वतःला लावली.

आता कपाटात डिस्कशेजारी एक दोनशे पानी वही आहे. डावीकडे डिस्कवरची नावं. उजवीकडे, जे आज इथे अधिकृत मिळतं ते पैसे देऊन पुन्हा पाहिलं की तारीख. काहींचं चित्रांचं पुस्तक किंवा डिस्क मागवली, तीही नोंद. एकशे बारा नावांपैकी एकतीस झाली आहेत. जी कुठेच मिळत नाहीत त्यांच्यापुढे 'बाकी' लिहिलं आहे. शेवटच्या पानावर मला आठवले तेवढ्या फॅनसब गटांची नावं आहेत. त्यांचे पैसे कुठे भरायचे, ते ठाऊक नाही. त्या पानासमोरची बाकी कधी फिटणार नाही. कन्नडमधून एक बरी ओळ मराठीत आणली, की मी तिथे एक रेघ मारतो.

काकूंना मी अखेर निरोप पाठवला: पुस्तक आवडलं याचा आनंद झाला, प्रत हवी असेल तर माझ्याकडे दोन आहेत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मुलाला पाठवून एक नेली आणि पैसे देऊ केले. मी घेतले.

भाच्याने परवा वही पाहिली. "एक्याऐंशी बाकी आहेत मामा," म्हणाला. मग थोडं थांबून, "ही डिस्क मला दिलीस, तर वहीपण द्यावी लागेल ना?"

"वही आधी," मी म्हणालो.