उत्तम जागा कोणती?

नाटकाचें तिकीट काढतांना उत्तम जागा कोणती, हा प्रश्न पैशाचा व सोयीचा आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु प्रेक्षकांसच प्रयोगांत ओढणाऱ्या संगीत नाटकांत तो नीतीचाही होतो. फिलिपाइन्सच्या हुकूमशहाची पत्नी इमेल्डा मार्कोस हिच्या उत्कर्षाचें व पतनाचें ‘हिअर लाइज लव्ह’ हें नाटक २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरांत झालें. त्यासाठीं तळमजल्यावरील खुर्च्या काढून नृत्यगृह केलें होतें. तेथें कांहीं प्रेक्षक सरकत्या रंगमंचांभोंवतीं उभे राहून नाचत. कांहीं वर बसून पाहत.

खालचा मनुष्य ठेक्यावर नाचतां नाचतां नकळत मार्कोसच्या सभेंतील जमाव होऊन जातो. पुढें १९७२ चा लष्करी कायदा पुकारला गेला म्हणजे आपले पाय कोणासाठीं थिरकत होते, हें त्यास उमगतें. वरच्यास सारा देखावा स्पष्ट दिसतो, हा लाभ खरा; पण खालचे लोक किती भोळे, असें म्हणून तो स्वतःस शहाणा समजतो. हें शहाणपण आम्हांस स्वस्त वाटतें. इतिहास वाचतांना आपण सारे वरच बसलेले असतों. म्हणून पाय साथ देत असतील तर खालीं उभें राहावें. आपणही टाळ्या वाजविल्या असत्या, हें कळणें तिकिटाच्या मोलाचें आहे.